नंबर बायकोचा, तारीख माझी

धंद्यात मी एक नियम कधी मोडला नाही: कुणी फोन नंबर मागितला की बायकोचा द्यायचा. विमेवाले, नव्या साबणाचे नमुने घेऊन फिरणारे, सगळे फिओर्दालिसाशी दोन मिनिटं बोलले की पुन्हा त्रास देत नाहीत. (मी तीस वर्षं बोलतोय, पण मला जायचं कुठे?)

त्या शनिवारी ब्रॉन्क्समधल्या माझ्या किराणा दुकानासमोर, फुटपाथवर, नेहमीसारखं डॉमिनोचं टेबल मांडलं होतं. हातात बिअर, अर्थात खाकी कागदी पिशवीत. पिशवीतली बाटली कायद्याला दिसत नाही, अशी आमच्या गल्लीची श्रद्धा आहे. पोलीस बहुधा दुसऱ्या गल्लीचा असावा. त्याने मला आणि माझा भिडू तेओफिलो याला, दोघांनाही उघड्यावर पिण्याबद्दल कोर्टाचं समन्स लिहून दिलं.

"फोन नंबर?" त्याने विचारलं. मी सवयीने सांगून टाकला.

आता खरी गोम ऐका. साखर वाढल्यामुळे डॉक्टरांनी माझी बिअर बंद केली होती, आणि मदर मेरीच्या तसबिरीसमोर शपथ घेऊन मी ती सोडलीही होती. निदान फिओर्दालिसापुरती.

महिन्याभराने ती फोन घेऊन दुकानात आली. "एलिहियो, कोर्टाचा मेसेज आलाय. तुला का बोलावतायत?"

"ज्यूरीवर!" मी म्हणालो. "नवा नागरिक ना मी! खटल्याचा निकाल द्यायला बोलावतात."

तिचे डोळे भरून आले. संध्याकाळपर्यंत अख्ख्या इमारतीला कळलं. तिसऱ्या मजल्यावरच्या दोघी बहिणी शिलाई मशीनवरून झालेलं भांडण घेऊन माझ्याकडे आल्या. (मी निकाल दिला. तेव्हापासून दोघीही दुकानाची पायरी चढलेल्या नाहीत.)

दुसरा मेसेज आला. "'न आल्यास अटकेचं वॉरंट निघू शकतं.' अरे, ज्यूरीला अटक?"

"हुशार माणूस हवा असला की असाच आग्रह करतात."

मग तिसरा. "'घरातून किती वाजता निघणार ते आत्ताच ठरवा.' बघ, किती काळजी करतात तुझी! मी ठरवलंय, आठला निघायचं. मीही येणार."

मी नवा सूट घातला. तिने अत्तर लावलं, वर न्यायाधीशांसाठी डबाभर पास्तेलितो, म्हणजे आमच्या खिम्याच्या करंज्या, तळून घेतल्या. कोर्टात पाऊल टाकलं आणि तेओफिलो लांबूनच ओरडला, "दोस्ता, इकडे ये! बिअरवाल्यांची रांग ही!"

फिओर्दालिसाने माझ्याकडे पाहिलं. (वॉरंट परवडलं असतं.)

न्यायाधीश बाईंनी अर्ध्या मिनिटात उरकलं. "सहा महिने पुन्हा असं करू नका, म्हणजे खटला रद्द."

मी वाकून आभार मानतोय, तोच मागून आवाज आला. "बाईसाहेब, सहा महिने फार कमी होतात. जन्मभराचे करा."

"तेवढा अधिकार मला नाही, बाई."

"मला आहे," फिओर्दालिसा म्हणाली आणि तिने माझा दंड धरला.

रांगेतल्या आरोपींनी मुकाट्याने वाट करून दिली. दारावरचा शिपाई माझ्या कानाशी वाकला. "काका," तो हळूच म्हणाला, "आमची कोठडी आज रिकामी आहे. थांबताय का?"