भिकामामांचा रुमाल

मंगळवार, सकाळ. द्वारका चौकाजवळच्या हॉस्पिटलातली खोली. हजर: पलंगावर शांतामामी, सलाईन लावणाऱ्या सिस्टर, कामांची यादी घेतलेली मी, आणि सलाईनच्या बाटलीकडे वाकून खालून बघणारे भिकामामा.

"वरून सगळा माल चांगलाच दिसतो," मामा म्हणाले. "तळ दाखवा."

माझे हे मामा नामपूरचे कांद्याचे व्यापारी. ट्रॉलीत कोपरापर्यंत हात घालून तळाचा कांदा काढल्याशिवाय त्यांनी कधी बोली लावली नाही. पुढे तो हात सगळीकडेच जाऊ लागला. हॉटेलात पोहे आले की आधी खालून उकरतात. पेपर शेवटच्या पानावरून वाचतात, कारण "पुढचं पान कोणीबी सजवतं." माझ्या लग्नात नवरदेवाला सोडून त्याच्या चुलत्यांशी गप्पा मारत बसले होते. तळ बघत होते म्हणे.

मामींना कंपवात आहे. गोळ्यांवर बरं चाललं होतं. पण आतड्याचं ऑपरेशन झालं, तोंडाने काही द्यायचं नाही असं ठरलं, गोळ्या थांबल्या आणि मामी लाकडासारख्या ताठ झाल्या. म्हणून आता औषध थेट शिरेतून.

डॉक्टर मॅडमनी नीट समजावलं. "या औषधाने काहींचे हृदयाचे ठोके बिघडू शकतात. म्हणून आधी ईसीजी, मग मॉनिटर, आणि औषध सावकाश. दुसरी कुठली गोळी चालू आहे का?"

"काय नाय," मामा म्हणाले.

बाहेर आल्यावर मला म्हणाले, "सुनंदे, ह्यांनी इतकं खरं का सांगितलं? काहीतरी काळंबेरं शे."

मग पहारा सुरू झाला. मॉनिटरवर त्यांचा विश्वास नव्हता, "मशीन त्यांचं, आकडा बी त्यांचाच." मामींच्या हातावर स्वतःचा मोठा चौकड्यांचा रुमाल टाकून आत नाडी धरून बसले.

"आजोबा, रुमाल काढा, सुई दिसायला पाहिजे," सिस्टर म्हणाल्या.

"सुई त्या हातात शे. हा हात माझा."

दुपारपर्यंत मामींची बोटं सैलावली, थरथरही उतरली. मला हायसं वाटतंय तोच मॅडम नवा ईसीजी घेऊन आल्या. "प्रत्येक ठोक्यानंतर हृदय सावरायला फार वेळ घेतंय. एवढ्या औषधाने इतकं व्हायला नको. आणखी काही जातंय का यांच्या पोटात? कळलं नाही तर मला हे बंदच करावं लागेल."

बंद म्हणजे मामी पुन्हा लाकूड. मी मामांकडे बघितलं. सकाळपासून त्यांचा खिसा कुरकुरत होता.

"मामा, काय आहे खिशात?"

"सगळं सांगितलं की समोरचा भाव पाडतो," ते पुटपुटले.

रुमाल हलला. बैलबाजारात असाच रुमाल टाकून, खाली बोटं दाबून भाव ठरवतात, शेजारच्याला कळू नये म्हणून. मामांनी दाबलं की जरा वेळाने मामी दाबत होत्या. आजाराने मामींचा आवाज केव्हाच घशात अडकलाय. आम्ही सगळे तोंडाशी कान नेतो, "काय? काय?" करतो आणि कळल्यासारखी मान हलवून मोकळे होतो. हे दोघं मात्र बोलत होते.

रुमाल पुन्हा हलला, या वेळी मामींच्या बाजूने आणि जोरात. मामांनी मुकाट्याने खिशातून गोळ्यांची पट्टी काढली. मळमळीची, जिभेवर विरघळणारी गोळी. गावच्या मेडिकलवाल्याकडून आणलेली.

"तिला मळमळतं. तुम्ही तोंडानं द्यायचं नाय म्हणालात. गिळायला कुठं दिली? जिभेवरच ठेवली."

मॅडमनी कपाळाला हात लावला. "आजोबा, ही गोळी आणि हे औषध, दोन्ही मिळून ठोके बिघडवतात." सलाईन थांबलं, रक्त तपासायला गेलं.

संध्याकाळी मामींची बोटं पुन्हा आखडली. मामा रुमालाखाली विचारत राहिले. उत्तर येईना. त्यांनी रुमाल उचलून हात बघितला, परत झाकला.

"सुनंदे, रुसली का गं ती?"

"नाही मामा. बोटं आखडलीत."

"तळच लागंना," ते म्हणाले. त्या दिवशी त्यांनी डब्यातली भाजी न उकरता खाल्ली.

सकाळी ईसीजी सुधारला. औषध पुन्हा सुरू झालं, आणखी सावकाश. बाटलीकडे मामांनी वाकून बघितलं नाही. स्वतःचे खिसे मात्र उलटे करून सिस्टरना दाखवले आणि रुमाल टाकून बसले. दुपारी केव्हातरी रुमाल हलला आणि मामा गालातल्या गालात हसले.

"काय म्हणाल्या मामी?"

"सौद्यातलं बाहेर सांगत नाय."

माझ्या यादीतली बाकी कामं झालीत. एकच राहिलंय. तो रुमाल मळलाय, धुवायला टाका, असं सिस्टरनी बजावलंय. मी रोज मागते. मामा म्हणतात, "थांब ना, बोलणं चालू शे."