प्रवासातले अनधिकृत जन्म

मानाबी प्रांतातील कोकोच्या शेंगांवर पांढरी बुरशी आली आहे, हे कृषी कचेरीने रीतसर मान्य केले, तोवर दिग्ना आंचुंदियाच्या बागेतल्या निम्म्या शेंगा आतून कुजल्या होत्या. उरलेल्या निम्म्या याच आठवड्यात वाचवायच्या, नाहीतर बापाने लावलेल्या झाडांना कुऱ्हाड. तिसरा पर्याय नव्हता.

शेजारच्या प्रांतातल्या केवेदोच्या प्रयोगशाळेने दिग्नाच्याच झाडांच्या पानांवर एक गुणी जिवाणू शोधला होता. तो जिथे ठाण मांडतो, तिथे बुरशीला पाय ठेवू देत नाही. गुळाच्या पाण्यात वाढवून त्यांनी तो वीस लिटरच्या कॅनमध्ये तिच्या हवाली केला. "उद्या उजाडताच फवारा," तिथल्या बाईंनी बजावले. "नंतर उपयोग नाही."

परंतु सजीव वस्तू परवान्याशिवाय प्रांताची हद्द ओलांडू शकत नाही. परवान्याच्या नमुन्यात दोनच रकाने होते: झाड आणि जनावर.

"पानं आहेत?" परवान्याच्या खिडकीवरच्या कारकुनाने विचारले.

"नाहीत."

"मग जनावर."

शिंगे: नाहीत. रंग: गुळासारखा. नर की मादी, यावर कारकून बराच वेळ कॅनकडे बघत बसला आणि शेवटी त्याने 'मिश्र कळप' लिहिले. डागणीची खूण नव्हती, तेव्हा चोरीचा माल वाटू नये म्हणून कॅनवरच शिक्का मारला. संख्या लेबलवरून घेतली: वीस हजार कोटी.

संध्याकाळी सहाला निघालेली बस रात्री अकराला प्रांताच्या नाक्यावर थांबली. निरीक्षक एलेउतेरियो लोर यांनी परवाना वाचला, मग लेबल वाचले. 'उबेत दर तासाला दुप्पट', या ओळीवर त्यांचे बोट थांबले. त्यांनी कॅल्क्युलेटर मागवला.

"दोन्या दिग्ना," त्यांनी बाईमाणसाला साजेशी अदबीची हाक मारली, "वीस हजार कोटी निघाले. आत्ता आत सहा लाख चाळीस हजार कोटी आहेत. वरचे कुठून आले?"

"साहेब, ते आपापले वाढतात. एकाचे दोन होतात."

"आणि बाप?"

"बाप नसतो हो त्यांना!"

"बिनबापाचं वासरूसुद्धा मी इथून सोडलेलं नाही, बाई. इथे तर लाखो कोटी आहेत. प्रवासात अनधिकृत जन्म झालेत. एकवीस दिवस सरकारी गोठ्यात अडकवून ठेवणार."

एवढ्यात शेंगांनी भरलेला ट्रक नाक्यावरून न थांबता गेला. त्याच्यामागे पांढरी भुकटी उडाली आणि निरीक्षकांच्या टोपीवर अलगद बसली.

"ही बुरशी बघा की! हिला कोण अडवणार?"

निरीक्षक समजुतीने हसले. "बुरशी जनावर नाही. झाडही नाही, शाळेत शिकलोय मी. जिला रकानाच नाही, तिला अडवू कसा?"

दिग्ना हट्टाने नाक्यावर बसून राहिली. तेव्हा निरीक्षकांना दया आली. शेजारच्या टपरीत हिरव्या केळ्यांचे गोळे तळणाऱ्या बाईकडे मोठे पातेले होते, तिकडे त्यांनी बोट दाखवले. "उकळून घ्या. संख्या वाढायची थांबेल, मी सही करतो."

"अहो, मरतील ना सगळे!"

"मेलेल्या जनावराला परवानाच लागत नाही. तुमचंच काम सोपं."

इतक्या वेळात बसमध्ये मोठी जागृती झाली होती. हा देश कसा बुडाला, नाक्यावरचे कसे अडाणी असतात, यावर सगळ्यांचे एकमत होते. एका मास्तरांनी तर 'क्रांती' हा शब्दही काढला, खिडकीची काच लावून. बेचाळीस प्रवासी होते. त्यातले अकरा कोकोवाले, फवारा झाला की त्यांनाही याच कॅनमधून विरजण मिळायचे होते.

ड्रायव्हरने हॉर्न दिला. मास्तरांनी डोके बाहेर काढले.

"दोन्या, उकळा ना एकदाचं! उशीर होतोय."

"पाणीच आहे ते," एक कोकोवाला म्हणाला. "उकळलं तर शुद्धच होईल."

"एका बाईपायी सगळ्यांना ताटकळायला लावायचं म्हणजे काय?"

दिग्नाने एकेका खिडकीकडे पाहिले. खाली कोणीच उतरले नाही. मग तिने पातेले चुलीवर चढवले. निरीक्षकांनी बसमधल्या लोकांचे सहकार्याबद्दल आभार मानले. लोकांनी हात हलवले.

त्या महिन्यात दिग्नाने बापाची झाडे तोडली. तीनेक महिन्यांत अकरा जणांच्या बागाही पांढऱ्या पडल्या. कचेरीच्या वार्षिक अहवालात अनधिकृत जन्म शून्यावर आल्याची नोंद झाली आणि बाकीच्या प्रांतांनी परवान्याचा तो नमुना आवर्जून मागवून घेतला.

बसमधली माणसे हा किस्सा अजून रंगवून सांगतात. बिनबापाच्या वासरापाशी आले की पोट धरून हसतात, अगदी तुम्ही मघाशी हसलात तसेच.

तुमची सीट कितवी होती?