बाबागाडीचा सायलेन्सर

वस्तीची शांतता बिघडवणाऱ्या वाहनांविरुद्ध नगरपालिकेनं नियम केला आहे हे कळलं, तेव्हा शिंपीणकाकूंना त्या नियमाचा मुका घ्यावासा वाटला. लेक तान्हं घेऊन माहेरी आली होती. तान्ह्यानं डोळा मिटायला आणि शेजारच्या, गल्लीनं भुंगा नाव ठेवलेल्या पोरानं आपली खडकाळ डोंगरात चालणारी फटफटी तापवायला रोज एकच गाठ पडे. भुंगा ती डोंगरात मात्र कधीच नेत नसे. गाडी मळते म्हणायचा.

काकूंच्या तक्रारीवरून आवाज-निरीक्षक आले. भुंग्यानं अभिमानानं फटफटी गुरगुरवली. निरीक्षकांनी ध्वनिमापकाचा काटा पाहिला.

"नियमात आहे."

"अहो साहेब, कपाटाच्या काचा अजून थरथरताहेत!"

"आजी, आवाज परिसरातल्या नेहमीच्या आवाजापेक्षा जास्त नको, असा नियम आहे. इथला नेहमीचा आवाज कोणता?"

"हाच मेला! रोजचाच!"

"झालं तर. तुम्हीच कबूल करताय."

एवढ्यात अंगणातलं तान्हं जागं झालं आणि त्यानं जो टाहो फोडला, त्यानं काटा टुणकन उडाला.

"हा मात्र नेहमीचा नाही. कशातून येतोय?"

"कशातून म्हणजे? बाळातून!"

"आणि बाळ कशात आहे?"

"बाबागाडीत."

निरीक्षकांनी वाकून पाहिलं. "चाकं आहेत. रस्ता सोडून अंगणात उभी आहे. म्हणजे रस्त्याबाहेरचं वाहन. नोंदणी नाही, सायलेन्सर नाही."

"चोखणी आहे की," लेक घाबरून म्हणाली.

"प्रमाणित?"

"सोडा हो साहेब," भुंग्याला दया आली. "नवीन मॉडेल आहे."

"आतल्या मालासकट जप्त करावं लागेल."

काकूंनी बाबागाडीच्या दांडीला मिठी मारली. "न्यायची तर आधी मला न्या!"

"तुम्हाला चाकं नाहीत, आजी," निरीक्षक खेदानं म्हणाले.

पण माणूस दुष्ट नव्हता. त्याच्याही घरी असलंच एक वाहन होतं. त्यानं मार्ग काढला. परिसरातला नेहमीचा आवाजच वाढवला, तर बाळ आपोआप नियमात बसेल!

लेकराचा प्रश्न म्हटल्यावर अख्ख्या गल्लीला पाझर फुटला. ज्यानं त्यानं, अगदी तुम्हीसुद्धा, आपली गाडी दारात आणून सुरू केली. ज्यांना गाडी नव्हती ते मेव्हण्याच्या गाडीचा हॉर्न दाबत बसले. निवृत्त मास्तरांनी खिडकीत रिकामा मिक्सर लावला. भुंग्यानं तर जीव ओतला.

"बसलं नियमात!" निरीक्षक ओरडले. ते कुणालाच ऐकू गेलं नाही.

बाबागाडीत बाळाचं तोंड ताणून उघडं होतं, इवलीशी जीभ थरथरत होती, गालांवरून धारा लागल्या होत्या. काकूंनी त्याला उचलून उराशी धरलं आणि पदराखाली घेतलं.

ते पाहून सगळ्या गल्लीनं ओठांवर बोट ठेवलं. शू! झोपलं वाटतं!

मग इंजिन बंद करायला कुणाचा हात होईना. तुमचाही झाला नाही. उगाच लेकराची झोपमोड कशाला?