वारा पडेपर्यंत

मोंजियाने गॅस बंद करायला साफ नकार दिला आणि अख्ख्या गल्लीचं काम तिथेच अडलं.

“माशाचा कुसकुस आहे, अर्धा शिजलेला. तुझी क्रेन थांबेल रे बाबा, मासा थांबत नाही,” ती दारातूनच म्हणाली.

गल्लीच्या तोंडाशी क्रेनने चारही पाय फाकवून, त्यांच्याखाली जाड फळ्या घेऊन अशी काही बैठक मारली होती, की मांजरालासुद्धा बाहेर पडायला वाट नव्हती. उचलायचं होतं बेयाच्या अंगणातलं खजुराचं झाड. बेया म्हणजे मोंजियाची विधवा भावजय, भिंतीला भिंत लागून राहणारी. सोंड्या भुंग्याने झाड आतून पोखरलं होतं. वर चढावं तर खोडाचा भरवसा नाही, आडवं पाडावं तर चारी बाजूंना घरं. पट्टे बांधायचे, बुंध्याशी कापायचं आणि अलगद मोंजियाच्या गच्चीवरून चौकात न्यायचं, एवढाच मार्ग होता.

“मावशी, ओझ्याखाली मी माणूस ठेवत नाही,” क्रेनवाला अझूझ म्हणाला. “आई असती तरी हाताला धरून बाहेर काढली असती.”

“आणि जाऊ कुठे?”

अझूझने बोट दाखवलं. क्रेनच्या फेऱ्याबाहेरची एकच जागा होती, बेयाची गल्लीकडची बैठक.

मोंजियाच्या हातातली पळी तशीच राहिली. नणंद-भावजयीचा अबोला दोन रमजान उलटून गेले तरी सुटला नव्हता. कारण तरी काय, तर मोंजियाने वाळत घातलेल्या मिरच्यांवर या झाडाची एक फांदी पडली. “झाडालासुद्धा वळण नाही,” मोंजिया म्हणाली. बेया त्यातल्या ‘सुद्धा’वर रुसली. त्यानंतर बेयाचा मुलगा परदेशी गेला आणि घर इतकं शांत झालं, की ती सवयीने दोन पेले मांडायची आणि एक परत ठेवायची. हिवाळ्यात झाड कोसळलं तर नणंदेच्याच पलंगावर कोसळेल, या धास्तीने क्रेन तिनेच बोलावली होती. पण हे ती कोणाला बोलली नव्हती.

शेवटी मोंजिया आली, कढत पातेल्यासकट; खाली माशाचा रस्सा, वर वाफेवरचा कुसकुसचा रवा. उंबऱ्याशीच पाठ फिरवून बसली. पाठोपाठ गल्लीतले शेजारी हम्मादी काका आपल्या पाखराचा पिंजरा घेऊन आले.

अझूझने पट्टे आवळले आणि नेमका समुद्रावरून वारा सुटला. क्रेनच्या आकड्याला बांधलेली लाल फीत ताडकन आडवी झाली.

“फीत उडते आहे तोवर करवत चालणार नाही,” अझूझ म्हणाला. “झुलतं ओझं माझं ऐकत नाही. कोणी घरी जायचं नाही, वारा पडू दे.”

वारा काही पडेना. बेयाने कॉफी केली, मग दुसऱ्यांदा केली. दुपार झाली. दारी आलेल्याला उपाशी कसं ठेवायचं? आणि तिच्या घरात होती एका माणसापुरती चण्यांची आमटी. अर्धा शिजलेला कुसकुस पातेल्यात होता, पातेलं मोंजियाच्या मांडीशी होतं.

“पाखरा,” बेया पिंजऱ्याकडे बघून म्हणाली, “सांग बाबा कोणाला तरी, माझी चूल रिकामी आहे.”

मोंजियाही पिंजऱ्याकडेच वळली. “सांग तिला, आच मंद ठेव म्हणावं. आणि चमचा घालून ढवळायचं नाही. मागे एकदा लगदा केला होता.”

“तिला सांग, तो लगदा तिच्या भावाने दोनदा मागून खाल्ला होता!”

“मेलं माझं पाखरू मधल्यामधे,” काका म्हणाले. “सकाळपासून एक सूर काढलेला नाही त्याने.”

नमाजाची वेळ झाली. मोंजिया हातपाय-तोंड धुऊन, वुजू करून आली, तर कोपऱ्यात चटई अंथरलेली. कडा झिजलेली, एका टोकाला निळ्या दोऱ्याने तुणलेली. ती तिच्या वडिलांची चटई होती. झाडही त्यांनीच लावलेलं. नेहमीपेक्षा बराच वेळ मोंजियाचं कपाळ चटईवर टेकलेलं राहिलं.

उठली ती थेट स्वयंपाकघरात गेली. रस्सा चाखला.

“बेया, मीठ.”

बेयाने मिठाचं भांडं पुढे केलं. पाखराला कोणी विचारलं नाही.

अझूझलाही आत बोलावून ताटं मांडली गेली तेव्हा खिडकीतून फीत दिसत होती. ती सरळ खाली लोंबत होती. काकांनी पाहिली. मोंजियाने पाहिली. अझूझच्या तर धंद्यातली गोष्ट, त्याने फितीकडे पाहिलं, माशाच्या तुकड्याकडे पाहिलं आणि म्हणाला, “अजून थोडं थांबू. वाऱ्याचा काय नेम!”

जेवणं झाल्यावर करवत चालली. झाड उभंच्या उभं वर आलं, गच्चीवरून एखाद्या म्हाताऱ्याला हाताला धरून न्यावं तसं सावकाश निघालं. खिडकीत दोघी शेजारी उभ्या होत्या.

“सावकाश रे बाबा,” मोंजिया पुटपुटली. कोणाला, ते कळलं नाही.

क्रेनने पाय आवरले आणि ती गेली. काका पिंजरा घेऊन गेले. मोंजियाने रिकामं पातेलं उचललं, दारापर्यंत गेली आणि थांबली. गल्लीतली धूळसुद्धा जागची हलत नव्हती. वाऱ्याने हलावं असं एकुलतं एक झाड होतं, तेही आता चौकात आडवं पडलं होतं.

“वारा आहे अजून,” ती म्हणाली.

“आहे बाई, चांगलाच आहे,” बेया म्हणाली आणि तिने दोन पेले मांडले.