आठवीच्या वर्गाचे छत : दोन्ही बाजू

इतिहासाची मुख्य अडचण अशी, की तो घडून गेल्यावरच लिहावा लागतो. आधी लिहून मग घडवता आला असता, तर शिक्षणखात्याची फार मोठी सोय झाली असती.

तरीही खात्याने हात टेकले नाहीत. १९९५ च्या जुलैत बनारसमधल्या एका शाळेला वरून परिपत्रक आले, की यापुढे इतिहास व सामाजिक शास्त्रे मूळ साधने आणि विविध दृष्टिकोन यांच्या आधारे शिकवावीत. (विविध म्हणजे किती, हे कळवलेले नव्हते. पुढे विचारणा केल्यावर 'दोन' असे उत्तर आले.)

शाळा मंगला गौरीच्या देवळाच्या बाजूला, गल्लीत. घरी मराठी आणि दाराबाहेर हिंदी बोलणारी बरीच मुले तिथे शिकत. मुख्याध्यापक ढुंढिराज आठल्ये यांनी परिपत्रक इतिहासाच्या शिक्षिका मृणालिनी शेवडे यांच्या हाती ठेवले. मृणालिनीने ते वाचले, ही पहिली चूक. तिला ते पटले, ही दुसरी. सतरा वर्षे ती प्रत्येक साम्राज्याच्या ऱ्हासाची पाच कारणे सांगत आली होती आणि सहावे कारण सुचणाऱ्या मुलाला खाली बसवत आली होती. आता वरूनच सहावे कारण मागवले होते. त्या संध्याकाळी ती उगीचच घाटाच्या पायऱ्या उतरून पाण्यात पाय बुडवून आली. इतका आनंद तिला नोकरी लागली तेव्हाही झाला नव्हता.

मूळ साधने कुठून आणावीत, हा प्रश्न शाळेच्या इमारतीनेच सोडवला. ऑगस्टातल्या एका मंगळवारी, तिसऱ्या तासाला, आठवीच्या वर्गाच्या छताचा टेबलाएवढा तुकडा खाली आला आणि ऋता नावाच्या मुलीचा हात मोडला. (डावा. म्हणजे परीक्षेच्या दृष्टीने किरकोळ.)

आठवड्याने ऋता हात गळ्यात बांधून वर्गात आली, तेव्हा मृणालिनीने सगळ्यांना सांगितले, "मंगळवारी काय झालं ते लिहा. ज्याने जे पाहिलं तेवढंच. ऐकलेलं नको."

अडतीस मुलांनी लिहिले. छत पडले, याबद्दल अडतीसांचे एकमत होते. आवाजाबद्दल मात्र तीव्र मतभेद होते. बावीस जण 'धडाम'च्या बाजूचे, अकरा 'धप्प'च्या, चौघांनी कानांवर हात ठेवले होते, आणि एकाने शेजाऱ्याचे पाहून लिहिले होते. (अक्षर त्याचेच सर्वांत चांगले.) सोबत छताचा एक ढलपा, डॉक्टरांची चिठ्ठी आणि खालच्या मजल्यावरच्या मास्तरांचा जबाब, की आपल्याला भूकंप वाटला व आपण शिकवणे चालू ठेवले. सगळे सूचनाफलकावर लागले.

आठल्ये सर प्रदर्शन पाहायला आले आणि बराच वेळ, वर न पाहता, उभे राहिले. छत भक्कम असल्याच्या दाखल्यावर त्यांनी जूनमध्येच सही केली होती.

"शेवडेबाई, छत पडलं हे तुमचं मत झालं."

"सर, छताचं प्लास्टर उतरून ऋताच्या हातावर चढलंय."

"तो ऋताचा दृष्टिकोन," सर सौम्यपणे म्हणाले. "दाखला हेही मूळ साधनच आहे. त्यावर शिक्का आहे. तुमच्या एका तरी मुलाकडे शिक्का आहे?"

नव्हता.

न्याय म्हणून फलकाचे दोन समान भाग करण्यात आले. एका भागात अडतीस कागद दाटीवाटीने, दुसऱ्यात दाखला, एकटा आणि ऐसपैस. तपासणीला आलेल्या साहेबांनी या समतोलाचे कौतुक केले. छत दुरुस्त कधी होणार, असे मृणालिनीने विचारले, तेव्हा त्यांनी तिला प्रेमाने समजावले, "मैडम, पचास साल से कम का हो, तो वह इतिहास नहीं, शिकायत कहलाता है." आणि शिकायतींचा विभाग दुसऱ्या इमारतीत होता.

सहामाही परीक्षेत सरांनी स्वतः प्रश्न घातला : 'आठवीच्या वर्गाचे छत पडले काय? दोन्ही बाजूंचा विचार करून लिहा. (गुण ५)'. तपासणाऱ्याच्या सोयीसाठी नमुना उत्तरही दिले : 'नाही.' परीक्षा त्याच वर्गात झाली. वरून अधूनमधून चुन्याची भुकटी उत्तरपत्रिकांवर पडत होती. सदतीस मुलांनी ती फुंकरीने उडवली आणि 'नाही' असे लिहिले. ऋताने दोन्ही बाजू लिहिल्या, विचार केला आणि शेवटी लिहिले, 'पडले.'

मृणालिनीने तिला पाच दिले. सरांनी पाचाचे शून्य केले आणि शेजारी सही मागितली. सही न केल्यास इतिहास काढून शिवणकाम देण्यात येईल, हेही त्यांनी आपुलकीने सांगितले. मृणालिनीने सही केली.

निकालानंतर ऋताची आई, गीताबाई, आठवीच्या वर्गात भेटायला आल्या. मृणालिनीने मोडलेल्या हाताबद्दल माफी मागायची तयारी ठेवली होती.

"ताई, हाताचं सोडा," गीताबाई म्हणाल्या. "हात दीड महिन्यात जुळला. पाच नंबर कसे जुळायचे? तेजश्रीला पाचपैकी पाच आहेत, आणि ती तर हिच्या शेजारीच बसली होती!"

"गीताबाई, ऋताने खरं तेच लिहिलंय."

"खरं घरी आहेच की. पेपरात कशाला?"

"मग मी काय करू?"

"सांगा तिला, नाही पडलं म्हणून. माझं ऐकत नाही. तुमचं ऐकते."

ऋता दारातच उभी होती. छताचा उरलेला भाग आत्ता पडला तर बरे, असे मृणालिनीला वाटून गेले. तो पडला नाही. तिने घसा साफ केला.

"छत पडलं नव्हतं, ऋता."

ऋताने वही उघडली, तारीख घातली, बोलणाऱ्याचे नाव लिहिले आणि वाक्य जसेच्या तसे उतरवून घेतले. गीताबाईंनी समाधानाने नमस्कार केला.

वाचकांना गीताबाईंचा राग आला असल्यास तो योग्यच आहे. रागाच्या भरात एवढे करावे : आपल्या मुलांची गुणपत्रिका आपण शेवटची कधी पाहिली, ती तारीख लिहावी, आणि त्यांच्या वर्गाचे छत शेवटचे कधी पाहिले, तीही. दुसरी आठवत नसेल तर जागा कोरी सोडली तरी चालेल. आतापर्यंत सगळ्यांनी तशीच सोडली आहे.