राजहवाई विकणे आहे

एका जंगलात, बाळांनो, एक विमानसेवा होती. जंगलात विमानसेवा कशी, असं विचारू नका. तुमच्या गावात रस्ता नसताना टोलनाका आहे की नाही? तसंच ते.

दोन करकोच्यांनी एक वेताची टोपली पायांत धरायची, टोपलीत प्रवाशांनी बसायचं, की निघाली स्वारी. सिंहमहाराजांच्या आजोबांनी ही सेवा मोठ्या हौसेनं काढली होती. नाव ठेवलं राजहवाई. प्रत्येक टोपलीवर आजोबांचा मुखडा रंगवलेला होता. पहिल्या दिवशी सगळ्या जंगलाला पेढे वाटले म्हणे.

आता मात्र पार रया गेली होती. सेवेत करकोचे साठ. त्यातले उडायचे बारा. उरलेले अठ्ठेचाळीस त्या बारांवर देखरेख करायचे आणि संध्याकाळी दमून घरी जायचे.

शिवाय पहिली टोपली राजमावशींसाठी राखीव असायची. राजमावशी नऊ वर्षांत एकदाही फिरकल्या नव्हत्या. पण त्या येणार नाहीत, असा निरोप त्यांच्याकडून आल्याशिवाय उडायचं नाही, असा दंडक होता. निरोप आणायला रोज सकाळी कासव जायचं. आता सांगा, टोपल्या वेळेवर कशा सुटाव्यात?

महाराजांच्या दरबारात रोज तक्रारींचा पाऊस पडे. कुणा सशाचं लग्न हुकलं. कुणा रानमांजराचं गाठोडं भलत्याच डोंगरावर उतरलं. महाराज ऐकून ऐकून विटले. एक दिवस त्यांनी सांगून टाकलं, की ही ब्याद विका.

आणि विकायचं काम कुणाच्या गळ्यात पडलं? त्र्यंबकपंत साळिंदरांच्या.

हे त्र्यंबकपंत दरबारातले जुने कारकून. गरीब स्वभाव, पाठीवर काटे असूनही आयुष्यात कुणाला टोचले नाहीत. त्यांनी एकदा महाराजांची गळकी गुहा वटवाघळांना विकून दाखवली होती, तेवढी एक चूक त्यांना भोवली. या महिन्यात पंत निवृत्त व्हायचे होते. पलीकडच्या डोंगरात त्यांची लेक बाळंत होणार होती. साळिंदराचं पिल्लू जन्मतं तेव्हा त्याचे काटे मऊ असतात, अगदी गवतासारखे. थोडेच दिवस. मग ते कडक होतात आणि आजोबांनासुद्धा जवळ घेता येत नाही. लेकीनं सांगावा धाडला होता, की बाबा, काटे मऊ असतील तोवर या.

पंतांनी महाराजांना सगळं सांगितलं. महाराजांचंही मन द्रवलं. ते म्हणाले, "पंत, गिऱ्हाईक आणा आणि खुशाल जा. पण अमावास्येपर्यंत गिऱ्हाईक मिळालं नाही, तर राजहवाईचे अध्यक्ष तुम्हीच."

पंतांच्या पाठीवरचे चार काटे जागीच गळले. राजहवाईचं अध्यक्षपद ही त्या जंगलातली सगळ्यात मोठी शिक्षा होती. आधीच्या एका अध्यक्षानं हाय खाऊन संन्यास घेतला होता. तो लांडगा होता आणि आता कंदमुळं खात होता.

पंतांनी दवंडी पिटवली. सोबत महाराजांच्या अटीही पिटाव्या लागल्या. नाव बदलायचं नाही. आजोबांचा मुखडा पुसायचा नाही. साठातला एकही करकोचा काढायचा नाही. राजमावशींची टोपली तशीच राहील. आणि महाराजांचा मेहुणा चित्ता सल्लागार म्हणून येईल, त्याचा सल्ला ऐकावा लागेल.

आधी मगर आली. तिला करकोचे नकोत, टोपल्या नकोत, फक्त ते उतरतात ते तळं हवं होतं. मग माकड आलं. त्यानं सगळ्या टोपल्यांत बसून पाहिलं, फुकटचे पेरू खाल्ले आणि घरी विचारून सांगतो म्हणून गेलं ते गेलंच. पंत रोज आभाळात चंद्राची कोर बघायचे. कोर बारीक होत चालली होती आणि तिकडे लेकीला दोन पिल्लं झाली होती.

शेवटी माळरानावरून हमीरशेठ उंटाचा निरोप आला. हे शेठ पाठीवरून प्रवासी नेण्याच्या धंद्यात मुरलेले. त्यांनी कळवलं, की अटी विचित्र आहेत, पण बघायला काय हरकत आहे? अमावास्येला येतो.

पंतांना आभाळ ठेंगणं झालं. त्यांनी शेठला मानाचं तिकीट पाठवलं, राजहवाईचंच. म्हटलं, येता येता माल नजरेखालून जाईल.

मग तयारी सुरू झाली. पंतांनी तीन मुली उजवल्या होत्या. दाखवण्याचा कार्यक्रम कसा करायचा, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. मुलगी नीटनेटकी हवी, घरात हसतमुख माणसं हवीत, पोपडे निघालेल्या भिंतीवर चादर टांगायला हवी. त्यांनी फाटक्या टोपल्यांना शेण-माती लिंपली. करकोच्यांच्या चोचींना हळद लावली. पाहुण्यांसमोर घरचे सगळे हजर हवेत, म्हणून चार दिवस आधीच सगळ्या करकोच्यांना राजधानीत बोलावून घेतलं आणि रांगेत उभं राहून मान लववायचा सराव दिला.

अमावास्या उजाडली. महाराज सिंहासनावर बसले. पोह्यांवर खोबरं भुरभुरलं. साठही करकोचे एका ओळीत, मान लववून, कसे छान दिसत होते! दुपार झाली. पोहे गार झाले.

"पंत, शेठ कुठायत?" महाराजांनी विचारलं.

"येतायत महाराज. आपल्याच सेवेनं येतायत."

महाराजांनी करकोच्यांची ओळ या टोकापासून त्या टोकापर्यंत मोजली. पुन्हा मोजली. "साठच्या साठ इथं आहेत, पंत. मग शेठना आणतंय कोण?"

हसू नका रे. शहाण्यासुरत्या माणसाचं असं होतं.

शेठ उगवले दिवस कलताना, पायी. आणि एकटे नव्हते. त्यांच्या पाठीवर, मागे, पुढे मिळून शंभरएक प्रवासी होते. माळावरच्या थांब्यावर ते सगळे चार दिवस टोपलीची वाट बघत बसले होते. तिकीट घेऊन शेठही त्यांच्यातच बसले. दोन दिवस त्यांनी वाट पाहिली. मग ते उठले आणि म्हणाले, चला, मी सोडतो.

महाराजांनी मोठ्या अदबीनं विचारलं, की मग राजहवाई घेताय ना?

"घेऊन काय करू, महाराज?" शेठ म्हणाले. "तुमचे प्रवासी होते, ते तर मिळाले."

एवढं बोलून त्यांनी गार पोहे संपवले आणि दुसऱ्या दिवसापासून पलीकडच्या डोंगराची फेरीसुद्धा चालू केली.

त्याच संध्याकाळी पंतांच्या गळ्यात अध्यक्षपदाची माळ पडली. पंत रडले. अगदी उघड रडले. त्यांनी आठ दिवसांची रजा मागितली, पण अध्यक्षानं रोज सकाळी राजमावशींच्या स्वागताला जातीनं उभं राहायचं असतं, त्यामुळे ती मिळाली नाही. लेकीचा सांगावा आला, की थोरल्याचे काटे कडक व्हायला लागलेत, धाकटीचे अजून मऊ आहेत.

पंत कामाला लागले. तशी कामं काहीच नव्हती. थांब्यावर कुणी येत नव्हतं. टोपल्या रिकाम्या सुटत, रिकाम्या पोचत. रिकाम्या टोपल्या हलक्या असतात, त्यामुळे करकोचे दमेनासे झाले. गाठोडी नव्हती, म्हणून ती हरवत नव्हती. दरबारातल्या तक्रारी पहिल्या आठवड्यात निम्म्या झाल्या आणि पौर्णिमेपर्यंत साफ थांबल्या.

महाराजांनी पंतांना भर दरबारात बोलावलं. शाल पांघरली. नारळ दिला. म्हणाले, की आजोबांच्या वेळेपासून राजहवाई इतकी चोख कधी चालली नव्हती, आता विकायची गोष्टच नको.

पंत खऱ्याला जागणारे. ते म्हणाले, "महाराज, तक्रारी नाहीत, कारण प्रवासीच नाहीत."

"तेच तर!" महाराज कौतुकानं म्हणाले. "इतकी वर्षं हे कुणाला सुचलं नाही बघा. पंत, तुमच्यासारख्याला निवृत्त करणं म्हणजे जंगलाचं नुकसान. तुम्ही तहहयात अध्यक्ष. आणि उद्यापासून राजदवाखाना आणि राजशाळाही तुम्हीच बघा. तिथंही गर्दी फार झालीय."

सगळ्या दरबारानं टाळ्या वाजवल्या. पंत शाल सावरत हळूच बाहेर गेले आणि हमीरशेठच्या डोंगरफेरीवरच्या उंटाबरोबर त्यांनी लेकीला निरोप धाडला, की बाळ, माझी वाट बघू नकोस, आणि पोरांना एवढंच शिकव, की गळकी गुहा गळू द्यावी.

तात्पर्य : जी गोष्ट चालत नाही, ती विकायला काढू नये. ती वापरणाऱ्यांना आधी घालवावं. मग ती इतकी उत्तम चालते, की विकावीशीच वाटत नाही.