सासऱ्यांचा पहिला नंबर

"बाबा, तुम्ही फक्त बसा! अर्ध्या तासात चित्र आरशासारखं लख्ख करतो!" कॉम्प्युटरची वायर नव्या टीव्हीत खुपसत जावयाने जाहीर केलं.

सासूबाईंचा मिक्सर दुरुस्त करायला घेऊन त्याने त्याचा कायमचा निकाल लावला होता. तेव्हापासून या घरात त्याला कोणी साधा बल्बही बदलू देत नव्हतं. गेलेली पत आज परत मिळवायचीच, असं ठरवून तो आला होता.

टीव्हीवर सासऱ्यांच्या ऑफिसातली चालण्याची शर्यत लागली होती. आपण तीत पहिले आलो म्हणून सासरे येईल त्याला हा व्हिडिओ दाखवत होते. तो इतका पुसट होता, की एका पांढऱ्या ठिपक्यामागे दहा-बारा पांढरे ठिपके सरकताना दिसायचे. "तो पुढचा ठिपका म्हणजे मी!" असं सासरे सांगायचे. आज शेजारचे काका पाहुणे होते.

"राहू द्या हो जावईबापू," सासरे म्हणाले. "कळतंय तेवढं पुरे."

"संकोच कसला, बाबा? घरचंच काम आहे!"

जावई टीव्हीच्या सेटिंगमध्ये शिरला. ठिपके हिरवेगार झाले.

"अगंबाई! यांना काय झालं?" सासूबाई ओरडल्या.

"थांबा, चित्राची धार थोडी वाढवतो!" धार वाढली आणि ठिपक्यांना काटे फुटले. वायर बदलून झाली, टीव्ही बंद-चालू करून झाला. काका जांभई देऊ लागले. सासऱ्यांचा चेहरा मात्र खुलत चालला होता.

एवढ्यात जावयाने मांडीवर थाप मारली. "सापडलं! एक तर कॉम्प्युटर टीव्हीला चिमुकलं चित्र पाठवतोय. आणि हा व्हिडिओ या फोनवरून त्या फोनवर जाताना चेंगरून आलाय. मूळचा कुठे आहे?"

"हरवला!" सासरे घाईघाईने म्हणाले.

"नाही हो बाबा, हा बघा पेन ड्राइव्ह!" जावयाची बायको आतून धावत आली. "तुमच्या मोज्यांच्या खणात होता, अगदी तळाशी!"

जावयाने पेन ड्राइव्ह लावला, चित्राचा आकार टीव्हीएवढा केला आणि बटण दाबलं. काय ते चित्र! शर्टाची बटणंसुद्धा मोजून घ्यावीत! सगळ्यात पुढे एक चष्मेवाली बाई तरातरा चालली होती.

"वा!" काका सरसावून बसले. "पण तुम्ही कुठे आहात?"

सासूबाई उठून टीव्हीला नाक लावून उभ्या राहिल्या. "हे काय, हे इथे! झाडाखाली! खुर्चीत! सरबत पीत!" मग त्या सावकाश वळल्या. "आणि मी त्या दिवशी संध्याकाळभर तुमचे पाय चेपत बसले!"

काकांना अचानक घरचं काम आठवलं. बायको खण लावायला आत पळाली. जावयाला आपल्या यशाचा आनंद मानावा की दार गाठावं, ते कळेना.

सासरे हळूच त्याच्या शेजारी सरकले. "जावईबापू, हे परत होतं तसं बिघडवता येईल?"

"पाच मिनिटांत, बाबा!"

सासऱ्यांनी निश्चिंत होऊन मान हलवली. या कामात त्यांचा जावयावर पूर्ण विश्वास होता.